"नवीन इम्प्लांट आयुष्यभर चालतात" – हे कितपत खरं?

रेवा_तासगाव

मावसबहिणीसाठी विचारतेय. वय ३१, दोन मुलं, धाकटा दीड वर्षाचा. अंगावर पाजणं बंद करून अडीच महिने झालेत. दोन्ही स्तनांत इम्प्लांट बसवायचं तिने ठरवलंय. का, हा प्रश्न इथे कृपा करून कुणी उगाळू नये, तो घरात पुरेसा उगाळून झालाय.

सल्ल्याला गेली तिथे डॉक्टरांपेक्षा काउन्सेलरच जास्त बोलल्या. कागदावर लिहून दिलंय: गोल, सिलिकॉन जेल, २७५ सीसी, 'मायक्रो टेक्श्चर', स्नायूखाली. तोंडी सांगितलं ते असं:

(अ) कॅन्सरचं जे ऐकता ते जुन्या मालाचं, आताचे शंभर टक्के सेफ.
(आ) एकदा बसवलं की आयुष्यभर बघायला नको.
(इ) चौथ्या दिवसापासून सगळी कामं सुरू.

ऑपरेशन पुण्यात, राहणं तासगावात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख सुचवलीय, कारण तेव्हा 'ऑफर' आहे म्हणे. जानेवारीत घरच्या बागेत द्राक्षाची तोडणी. तिच्या आत्याला ५२व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला होता, ते काउन्सेलरला सांगितलं तर त्यांनी लिहूनसुद्धा घेतलं नाही.

यात खरं किती, आणि डॉक्टर समोर बसल्यावर नेमकं काय विचारायचं? शिवाय पुढच्या तपासण्या सांगली-मिरजेत होतील, की दरवेळी पुणं गाठायचं?

आडवा_टाका

तिन्ही चूक. पण तिन्ही वेगवेगळ्या तऱ्हेने चूक आहेत, म्हणून सुटे सुटे घेतो.

आधी (आ), कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिथे होते. कुठलंही इम्प्लांट आयुष्यभराचं नसतं, आणि तसं कंपन्यासुद्धा स्वतःच्या माहितीपत्रकात लिहीत नाहीत. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं-उपकरणांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०११ मध्ये मंजुरीनंतरच्या अभ्यासांचा आढावा काढला होता. त्यात आकार वाढवण्यासाठी बसवलेल्यांत दहा वर्षांच्या आत साधारण पाचात एकीला, आणि कॅन्सरनंतर पुनर्रचनेसाठी बसवलेल्यांत दोघींत एकीला ते काढावं लागलं होतं. म्हणून ३१व्या वर्षी बसवताना पन्नाशीच्या आत निदान एक ऑपरेशन अजून होईल, हा हिशेब मनात आणि खिशात धरूनच पुढे जायचं.

काढावं का लागतं? मुख्य कारण कोष आवळणे. शरीरात बाहेरची वस्तू गेली की तिच्याभोवती पातळ पडदा तयार होतो, तोच कोष. तो सगळ्यांनाच होतो आणि तो आजार नाही. काहींत मात्र तो जाड होऊन आवळतो. त्याच्या चार पायऱ्या बेकर ग्रेड म्हणून मोजतात: पहिलीत काहीच कळत नाही, दुसरीत हाताला घट्ट लागतं, तिसरीत आकार बिघडलेला डोळ्यांना दिसतो, चौथीत दुखतं. तिसरी-चौथी म्हणजे पुन्हा ऑपरेशन. आवळण्यामागे रक्त साचणं आहे, नंतर रेडिएशन दिलं तर तेही आहे, पण मोठा संशय जंतूंच्या अतिशय पातळ थरावर आहे. हे जंतू आपल्याच कातडीवर आणि दुग्धनलिकांत राहणारे. ऑपरेशनच्या वेळी इम्प्लांटला चिकटतात, ताप नाही, पू नाही, पण वर्षानुवर्षं कोषाला डिवचत राहतात. म्हणून छेद कुठून घेणार हा दिसण्यापुरता प्रश्न नाही. स्तनाखालच्या घडीतून गेलं की नलिका फारशा कापल्या जात नाहीत. स्तनाग्राच्या काळ्या वर्तुळाच्या कडेने गेलं तर जंतूही जास्त भेटतात आणि पुढच्या बाळंतपणात दूध कमी पडायची शक्यताही वाढते. तिसरं मूल नक्की नको असेल तरी घडीचाच छेद मागावा.

आता (अ). स्तनाच्या नेहमीच्या कॅन्सरचा धोका इम्प्लांटने वाढतो, असं मोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाही. काउन्सेलरने गुंडाळला तो विषय वेगळा आहे. इम्प्लांटभोवतीच्या कोषात होणारा एक लिम्फोमा आहे, बीआयए-एएलसीएल. तो स्तनाच्या गाठीचा कॅन्सर नव्हे, पांढऱ्या पेशींचा. एफडीएने याबद्दल पहिल्यांदा सावध केलं २०११ मध्ये. जुलै २०१९ मध्ये ॲलर्गन कंपनीचे बायोसेल जातीचे खरखरीत पृष्ठभागाचे इम्प्लांट जगभरातून परत घेतले गेले. तोवर एफडीएकडे नोंदलेल्या ५७३ केसेसपैकी ४८१ त्या एका कंपनीच्या होत्या, मृत्यू ३३. फ्रान्सने त्याच वर्षी एप्रिलमध्ये जास्त खरखरीत आणि पॉलियुरेथेनचं आवरण असलेले प्रकार बंद केले होते. म्हणजे 'जुना माल' म्हणतात तो २०१९ पर्यंत राजरोस विकला जात होता.

म्हणून तुमच्या कागदावरचा 'मायक्रो टेक्श्चर', म्हणजे किंचित खरखरीत पृष्ठभाग, हा शब्द मला सगळ्यात जास्त खुपतो. खरखरीतपणा आणला कशासाठी? थेंबाच्या आकाराचं इम्प्लांट आत फिरलं तर स्तन वाकडा दिसतो, ते फिरू नये म्हणून. कोष कमी आवळेल अशीही आशा होती. गोल इम्प्लांट आत कितीही फिरलं तरी गोलच राहतं. मग गोलाला खरखरीत पृष्ठभाग हवाच कशाला, हे डॉक्टरांना सरळ विचारा. २०१८च्या आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकात पृष्ठभाग मोजायची रीत दिली आहे: सरासरी खडबडीतपणा १० मायक्रॉनच्या खाली तो गुळगुळीत, १० ते ५० मायक्रो, ५० च्या वर मॅक्रो. पण हे शब्द कंपन्या आपापल्या सोयीने वापरत आल्यात, तेव्हा आकडा मागा. एएलसीएलच्या जवळजवळ सगळ्या केसेस कधी ना कधी खरखरीत इम्प्लांट बसवलेल्यांमध्ये आहेत. गोलच घ्यायचं असेल तर गुळगुळीत घ्या, असं माझं स्पष्ट मत.

प्रगती झालीच नाही असंही नाही. १९६२ साली ह्यूस्टनला पहिलं सिलिकॉन इम्प्लांट बसलं. नंतर सत्तरच्या दशकातली कवचं पातळ आणि जेल काकवीसारखं वाहतं, फाटलं की पसरायचं. आताच्या कवचात जेल झिरपू न देणारा थर असतो आणि जेल मुरंब्यातल्या फोडीसारखं आपला आकार धरून राहतं. 'नवीन' म्हणतात ते एवढ्यापुरतं खरं आहे.

मापाबद्दल. २७५ सीसी हा आकडा आला कुठून? आधी स्तनाच्या पायाची, म्हणजे तळाची, रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजायची, त्यात मावणारं इम्प्लांट निवडायचं, सीसी शेवटी येतं. पायापेक्षा रुंद घातलं तर कडा हाताला लागते, कातडी ताणून पातळ होते आणि काही वर्षांत सगळं खाली उतरतं. वरच्या भागाची कातडी चिमटीत धरून जाडी बघतात. २ सेंटिमीटरपेक्षा कमी भरली तर स्नायूखाली घालणं बरोबर. त्याची किंमत म्हणजे पहिले काही दिवस दुखणं जास्त, आणि हाताने जोर लावला की स्तन हलल्यासारखा दिसतो. ही मापं तिच्या कागदावर नसतील तर डॉक्टरांनी तिला अजून नीट तपासलेलं नाही असं धरा.

आणि अडीच महिने कमी आहेत. पाजणं थांबल्यावर स्तन आटून स्थिर व्हायला निदान तीन, माझ्या मते सहा महिने द्यावेत. आज घेतलेलं माप चार महिन्यांनी चुकलेलं असतं.

ओटीतली_ताई

आडवा_टाका यांनी शरीराचं सांगितलं, मी इम्प्लांटच्या खोक्याचं सांगते. तुमच्या बहिणीच्या दृष्टीने त्या ऑपरेशनमधला सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे खोक्यातले स्टिकर.

प्रत्येक इम्प्लांटबरोबर चिकटवायचे स्टिकर येतात. त्यावर कंपनी, आरईएफ म्हणजे मॉडेलचा क्रमांक, लॉट किंवा सीरियल नंबर, सीसी, एक्सपायरी असं सगळं असतं. एक केसपेपरवर लागतो, एक पेशंटच्या कार्डावर. डावं-उजवं वेगळं, कारण दोन्हींचे सीरियल नंबर वेगळे. उद्या एखादा लॉट परत मागवला तर 'माझ्यात आहे की नाही' याचं उत्तर दुसरीकडे कुठेच मिळत नाही. सोनोग्राफीत कंपनीचं नाव दिसत नाही हो! दवाखाना बंद पडतो, रेकॉर्ड काही वर्षांनी रद्दीत जातं. डिस्चार्जच्या आधी दोन्ही स्टिकर हातात घ्या, फोटो काढा, घरातल्या अजून एका माणसाला पाठवून ठेवा. 'नंतर कुरिअर करतो' हे ऐकून घेऊ नका.

आयात केलेल्या मालावर भारतातल्या आयातदाराचं नाव-पत्ता आणि आयात परवान्याचा नंबर असतो. परवाना एमडी-१५ या फॉर्मवर, केंद्रीय औषध नियंत्रण संस्था म्हणजे सीडीएससीओ देते. लेबलवर आयातदारच नसेल तर तो माल कुणाच्या तरी बॅगेतून आलाय असं समजायचं. बिलावर कंपनी आणि सीरियल नंबर लिहून मागा आणि स्टिकरशी ताडून बघा.

इम्प्लांट एकदाच वापरायची वस्तू आहे. एका पेशंटसाठी उघडलं, मापाला बसलं नाही, म्हणून पुन्हा निर्जंतुक करून दुसरीला घातलं, हे चालत नाही. माप बघायला 'सायझर' नावाची वेगळी वस्तू असते. सीलबंद खोकी तुमच्यासमोर दाखवायला सांगा, भूल द्यायच्या आधी. चांगल्या ठिकाणी यात कुणाला राग येत नाही.

टेबलावर काय व्हायला हवं तेही सांगते, म्हणजे विचारता येईल. भूल देताना शिरेतून अँटिबायोटिक, स्तनाग्रावर चिकट पारदर्शक पट्टी, आतली जागा अँटिबायोटिक किंवा पोव्हिडोन आयोडीनच्या पाण्याने धुणं, इम्प्लांट हातात घ्यायच्या आधी ग्लोव्हज बदलणं, आणि ते एकाच माणसाने हाताळणं. काही ठिकाणी नरसाळ्यासारखी प्लॅस्टिकची पिशवी वापरतात, इम्प्लांट कातडीला न लागता सरकन आत जातं. शेवटचे टाके घालताना सुई कवचाला लागू नये म्हणून मध्ये आडोसा धरावा लागतो. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, सुईचं टोक किंवा अवजार लागून पडलेली बारीक चीर हे पुढे इम्प्लांट फाटण्याचं एक मोठं कारण आहे. कंपनीचं नाव सगळे विचारतात, टाके कसे घालणार ते कुणी विचारत नाही.

नीरा_काठ

ताईंच्या स्टिकरला पूर्ण पाठिंबा, फक्त एक टाचण. स्टिकरने माल कुठला हे कळतं, चांगला आहे हे कळत नाही. फ्रान्सच्या पीआयपी कंपनीच्या खोक्यावर सीई मार्क, म्हणजे युरोपातली मान्यतेची खूण, होता, कागद सगळे जागच्या जागी, आणि आत वैद्यकीय दर्जाचं नसलेलं, औद्योगिक सिलिकॉन. २०१० मध्ये उघडकीला आलं, तोवर जगभर सुमारे ३ लाख बायकांना बसवून झाले होते. मालकाला २०१३ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. ज्यांच्याकडे कार्ड होतं त्यांना निदान आपल्या छातीत काय आहे हे तरी कळलं.

छायाचित्र_मिरज

तपासणीचं मी सांगतो. यासाठी पुण्याला जायची गरज नाही. मिरजेत सोनोग्राफी, मॅमोग्राफी, एमआरआय सगळं होतं. फक्त कुठली तपासणी कशासाठी, हे चिठ्ठीवर नीट लिहिलेलं हवं.

सिलिकॉन इम्प्लांट फाटलं तर बहुतेक वेळा काहीच कळत नाही. न दुखतं, न आकार बदलतो, कारण घट्ट जेल कोषाच्या आतच बसून राहतं. याला मूक फाटणं म्हणतात. सलाइन भरलेलं असेल तर ते काही दिवसांत पंक्चर झाल्यासारखं बसतं, तिथे तपासणीची गरजच उरत नाही. म्हणून सिलिकॉनसाठी एफडीएचा २०२० पासूनचा सल्ला असा: त्रास नसला तरी ५-६ वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय, पुढे दर २-३ वर्षांनी. काउन्सेलरचं 'बघायला नको' इथेच निकालात निघतं.

सोनोग्राफीने सुरुवात करायला हरकत नाही, पण ती करणाऱ्याला इम्प्लांट बघायचा सराव हवा. फाटलेल्या कवचाच्या घड्या आत एकावर एक रेषांसारख्या दिसतात, जिना काढल्यासारख्या. जेल कोषाबाहेर गेलं असेल तर मागचं सगळं धुक्यात गेल्यासारखं दिसतं. शंका राहिली की एमआरआय. त्यात कवच शेवयांसारखं तरंगताना दिसतं. इम्प्लांट फाटलंय का एवढंच बघायचं असेल तर शिरेतून कॉन्ट्रास्ट (फोटोत भाग उठून दिसावा म्हणून द्यायचं औषध) द्यावा लागत नाही. कॅन्सर शोधायचा असेल तर द्यावा लागतो. चिठ्ठीवर नुसतं 'एमआरआय ब्रेस्ट' असेल तर नको ती तपासणी होते आणि पैसे जातात. 'इम्प्लांट फाटलंय का, त्यासाठी' असं स्पष्ट लिहून घ्या.

आत्याचा कॅन्सर लिहून घेतला नाही ही मोठी चूक. ऑपरेशनच्या आधी एक पायाभूत तपासणी हवीच. ३१व्या वर्षी ती सोनोग्राफी. घराण्यात अजून कुणाला, आजीला किंवा दुसऱ्या आत्याला, कमी वयात स्तनाचा किंवा बीजकोशाचा कॅन्सर झालाय का ते विचारा. असेल तर आधी कॅन्सरतज्ज्ञाशी बोलणं, इम्प्लांट नंतर. आत्या वडिलांकडची म्हणून मोजायची नाही असं नसतं. दोष वडिलांकडूनही येतो.

पुढे चाळिशीनंतर मॅमोग्राफी करताना तंत्रज्ञाला मशिनसमोर उभं राहायच्या आधी इम्प्लांट असल्याचं सांगायचं. नेहमीच्या चार फोटोंऐवजी आठ घ्यावे लागतात. जादा चारांत इम्प्लांट मागे ढकलून फक्त स्तनाची पेशीजाळी पुढे ओढून दाबतात, याला एक्लंड पद्धत म्हणतात. न सांगता काढलं तर इम्प्लांटच्या सावलीखाली गाठ लपू शकते. लाजेपोटी न सांगणाऱ्या पुष्कळ आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे तुमच्या गावातल्या फॅमिली डॉक्टरांनाही सांगून ठेवा. ऑपरेशनला वर्ष उलटून गेल्यावर, अगदी आठ-दहा वर्षांनीसुद्धा, एका बाजूचा स्तन अचानक सुजून मोठा झाला तर ते 'मार लागला असेल' म्हणून सोडायचं नाही. आत पाणी साचलंय का ते सोनोग्राफीत बघायचं. साचलं असेल तर सोनोग्राफीखाली सुईने काढायचं, आणि ते पाणी फेकायचं नाही. निघेल तेवढं सगळं, शक्य तर ५० मिली, पॅथॉलॉजीला पाठवायचं. चिठ्ठीवर 'बीआयए-एएलसीएलची शंका' हे शब्द, पेशींची तपासणी, आणि लिम्फोमाच्या पेशी ओळखायच्या दोन चाचण्या, सीडी३० आणि फ्लो सायटोमेट्री. नुसतं 'कल्चर' लिहिलं तर जंतू नाहीत एवढाच रिपोर्ट येतो आणि सगळे निर्धास्त होतात. सूज उतरते, पुन्हा भरते, दरम्यान सहा महिने गेलेले असतात. कोषात अडकलेला असताना सापडला तर हा आजार इम्प्लांट आणि पूर्ण कोष काढून बहुतेकींत बरा होतो. २०२२ मध्ये एफडीएने कोषात क्वचित आढळणाऱ्या स्क्वेमस सेल कॅन्सरबद्दलही सावध केलं, आणि तो गुळगुळीत इम्प्लांटभोवतीही दिसलाय. तेव्हा 'आमचं गुळगुळीत आहे' म्हणून उशिराची सूज दुर्लक्षित करू नये.

रेवा_तासगाव

बापरे, एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. आभार सगळ्यांचे. दोन शंका. तिच्या एका मैत्रिणीला २०१६ मध्ये बसवलेत, कार्डावर टेक्श्चर्ड लिहिलंय, त्रास काहीच नाही. तिने काढून टाकावेत का? आणि इंटरनेटवर 'इम्प्लांटमुळे थकवा, सांधेदुखी, केस गळती' असं खूप दिसतं. ते थोतांड, की खरं?

आडवा_टाका

मैत्रिणीचं: कार्डावरचं मॉडेल परत मागवलेल्या यादीत आहे का ते आधी बघा. असलं तरी, त्रास नसेल तर नुसत्या धोक्यापायी काढायचा सल्ला एफडीएने दिलेला नाही, कारण त्या लिम्फोमाची शक्यता एकेकीपुरती कमीच राहते आणि ऑपरेशनलाही भूल, रक्तस्राव हे आलंच. पण तिला नियमित तपासणी हवी, आणि सूज, गाठ किंवा काखेत गोळा आला तर आठवडासुद्धा थांबायचं नाही. झोप उडाली असेल तर काढणं हाही तिचाच निर्णय, त्यात चूक काही नाही.

हळद_पेठ

थकव्याबद्दल मी लिहिते. थोतांड म्हणू नका आणि निदान झालं असंही म्हणू नका.

अमेरिकेत १९९२ मध्ये सिलिकॉन जेलच्या इम्प्लांटवर बंधनं आली आणि २००६ मध्ये ती उठली. मधल्या काळात, १९९९ मध्ये, तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने सगळे अभ्यास चाळले. संधिवात किंवा ल्युपससारखे ठरलेले आजार इम्प्लांटमुळे होतात असा पुरावा त्यांना मिळाला नाही. पण थकवा, डोकं जड, अंगदुखी, पुरळ अशा तक्रारी येतच राहिल्या. ऑक्टोबर २०२१ पासून अमेरिकेत इम्प्लांटच्या माहितीवर चौकटीतला इशारा सक्तीचा आहे, त्यात या तक्रारींचा उल्लेख आहे. यासाठी रक्ताची अशी एक तपासणी नाही. कारण पक्कं सांगता येत नाही. काढल्यावर काहींना बरं वाटतं, काहींना नाही.

म्हणून क्रम असा असावा: आधी हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी१२, व्हिटॅमिन डी आणि सांधे सुजत असतील तर संधिवाताच्या तपासण्या. आपल्याकडे बाळंतपणानंतरच्या थकव्यात यातलं निदान एक तरी सापडायची शक्यता बरीच असते. ते भरून काढूनही काही फरक नाही, तर काढण्याचा विचार. 'तुमच्या मनाचे खेळ आहेत' म्हणून परत पाठवणारा डॉक्टर असेल तर दुसरा बघावा. उलट, 'कोषासकट अख्खा काढला नाही तर विष राहील' असं सांगून मोठं ऑपरेशन विकणाऱ्यापासूनही लांब राहा. लिम्फोमात अख्खा कोष काढणं गरजेचं, इतरत्र तसा पुरावा नाही. छातीच्या पिंजऱ्याला चिकटलेला पातळ कोष खरवडताना फुप्फुसाच्या आवरणाला भोक पडू शकतं.

बिल_बघा

व्यवहाराचं थोडक्यात.

आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया बसत नाही. आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेने ठरवून दिलेल्या वगळण्यांमध्ये ते आठव्या क्रमांकाच्या कोडखाली आहे. अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना मात्र त्या वगळण्यातून बाहेर, म्हणजे क्लेम करता येतो. कोष आवळला, फाटलं, पुन्हा ऑपरेशन करावं लागलं तर विमा कंपनी मूळ ऑपरेशनकडे बोट दाखवेल, हे गृहीत धरा. सौंदर्याच्या ऑपरेशनवर १८ टक्के जीएसटी लागतो. 'ऑफर'चा आकडा करासकट आहे का, भूलतज्ज्ञ, ओटी, इम्प्लांटची जोडी, ब्रा, ड्रेसिंग सगळं धरून आहे का, लेखी घ्या.

'लाइफटाइम वॉरंटी' लिहिलेली दिसेल. ती बहुधा फाटलेल्या इम्प्लांटच्या बदल्यात नवीन इम्प्लांट एवढीच असते. ओटी, भूल, डॉक्टरांची फी तुमची. नोंदणी केली नाही तर तीही नाही. काउन्सेलरच्या 'आयुष्यभरा'चा उगम बहुतेक इथेच आहे.

सर्जनची पदवी बघा: एमएसनंतर एमसीएच प्लॅस्टिक सर्जरी, किंवा डीएनबी/डीआरएनबी प्लॅस्टिक सर्जरी. 'कॉस्मेटिक'चा तीन महिन्यांचा डिप्लोमा म्हणजे ते नव्हे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक केसपेपरवर असतोच, तो तपासता येतो. आणि पार्लरमध्ये किंवा छोट्या क्लिनिकमध्ये 'ऑपरेशनशिवाय' स्तनात इंजेक्शनने जेल किंवा पातळ सिलिकॉन भरून देतो म्हणणाऱ्याच्या दारातसुद्धा उभं राहू नका. ते पेशींत मुरतं, गाठी होतात आणि पूर्ण बाहेर काढता येत नाही.

ओटीतली_ताई

(इ) राहिलंच की! चौथ्या दिवशी सगळी कामं? घरात दीड वर्षाचं मूल आहे. त्याचं वजन दहा किलोच्या आसपास. स्नायूखाली इम्प्लांट असेल तर निदान चार, बरेच डॉक्टर सहा आठवडे सांगतात, दोन-तीन किलोच्या वर काही उचलायचं नाही. म्हणजे मूल कडेवर नाही, हंडा नाही, सिलिंडर सरकवणं नाही, द्राक्षाचं क्रेट तर नाहीच. मांडवाखाली हात वर धरून दिवसभर घड कापणं हे पहिल्या दोन महिन्यांत विसरा. मुलाला मांडीवर घेता येतं, पण बसल्या जागी, दुसऱ्याने उचलून दिल्यावर. डिसेंबरची तारीख रद्द करा. पाजणं थांबून सहा महिनेही व्हायचेत, तोडणीही उरकेल, मार्च-एप्रिलमध्ये बघा. ऑफर पुन्हा येते, त्याची काळजी नको.

पहिले ४८ तास पुण्यातच राहायचं, हॉस्पिटलपासून अर्ध्या तासाच्या आत. याच वेळात आत रक्त साचायची भीती जास्त. एकच बाजू झपाट्याने फुगते, कडक होते, काळी-निळी पडते, दुखणं गोळीने थांबत नाही. तेव्हा वेळ न घालवता पुन्हा ओटीत घेऊन रक्त काढावं लागतं. खंबाटकी घाट उतरल्यावर हे लक्षात आलं तर काय करणार? घरी येताना गाडीने, एसटीने नव्हे, आणि पट्ट्याखाली छोटी उशी. स्कूटी दोन-तीन आठवडे तरी नाही. अचानक ब्रेक लावताना छातीचाच स्नायू ताणला जातो.

नंतरच्या पंधरा-वीस दिवसांत ताप, एका बाजूला लाली, टाक्यातून पाणी येणं दिसलं तर तासगावात गोळ्या घेऊन वाट बघू नका, ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोटो पाठवा. इम्प्लांटभोवती पू झाला तर बहुतेक वेळा ते काढावंच लागतं आणि काही महिने थांबून पुन्हा बसवावं लागतं.

अजून एक, जे आपल्या भागात विचारलंच पाहिजे आणि कुणी विचारत नाही: ती मिश्री लावते का? तंबाखू ती तंबाखूच. निकोटिनने कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, टाके उसवतात, कातडी काळी पडते. आधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद. भूलतज्ज्ञाने 'सिगारेट ओढता का' विचारलं की बायका 'नाही' म्हणतात, आणि ते खरंही असतं.

रेवा_तासगाव

लावते. सासूबाईंबरोबर, सकाळी. हे मलाही सुचलं नसतं. तारीख रद्द केल्याचा फोन आत्ताच झाला. पलीकडून 'मग ॲडव्हान्स परत मिळणार नाही' असं आलंय, ते बघून घेऊ. शेवटचं एकच: पुढे कधी इम्प्लांटमध्ये दोष निघाला तर तक्रार कुठे?

बिल_बघा

ॲडव्हान्सची पावती आणि त्यावरची अट वाचा. अट छापलेली नसेल तर लेखी मागणी करा, आणि नाहीच ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे.

दोषाची तक्रार मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडियाकडे, म्हणजे वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या त्रासाच्या नोंदी घेणाऱ्या सरकारी कार्यक्रमाकडे. २०१५ पासून सुरू आहे, गाझियाबादचा इंडियन फार्माकोपिया कमिशन चालवतो. डॉक्टरच नव्हे, पेशंटही फॉर्म भरू शकतो. मॉडेल, लॉट, सीरियल नंबर या रकान्यांत लिहायला ताईंनी सांगितलेला स्टिकरचा फोटो लागेल. काढलेलं इम्प्लांट हॉस्पिटलला टाकू देऊ नका, धुऊन डब्यात घालून नाव-तारखेसह ताब्यात मागा. आणि मिश्री आजपासूनच बंद करायला सांगा, मार्चची वाट कशाला.